साखरपुड्याच्या आधी

पुणे

प्रिय मन्या,

तुझं पत्र वाचलं. 'आता लग्नाचा विषय बंद' हे सोडून बाकी सगळं पटलं. मला जननेंद्रियांचा हर्पीस (संबंधांतून लागणारा, फोड आणणारा विषाणू) तुझ्या कितीतरी आधीपासून आहे आणि लग्नही झालंय, म्हणून हक्काने लिहितो.

ताप, जांघेत अवधाण, लघवीला बसलं की डोळ्यांतून पाणी, हा पहिला झटका सगळ्यात वाईट. विषाणू पुढे मणक्याच्या खालच्या भागातल्या मज्जातंतूंत दडून बसतो. तो जात नाही, पण बहुतेकांचे झटके हळूहळू सौम्य आणि विरळ होतात. मला आधी मांडीत मुंग्या येतात, तेवढ्यावरून कळतं. तुझं निदान नुसत्या रक्ताच्या आयजीएम (प्रतिपिंडांच्या) चाचणीवर झालं असेल तर त्यावर भरवसा ठेवू नकोस, पुढच्या फोडाच्या वेळी स्वॅब (फोडातला नमुना) दे. हर्पीसच्या दोन प्रकारांतला एक नंबरचा विषाणू निघाला तर पुन्हा होणारा त्रास आणखी कमी. घरी नागीण म्हणून सांगितलंस, ठीक आहे (ती कांजिण्यांच्या विषाणूची, हिचा तिचा संबंध नाही), पण काकू आता तुला मंत्र घालणाऱ्याकडे नेणार, तयारीत राहा.

कुणाकडून आलं हे शोधत बसू नकोस. बहुतेकांना आपल्याला बाधा आहे हेच माहीत नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने 15 ते 49 वयाच्या पाचांत एकाहून जास्त लोकांना जननेंद्रियांचा हर्पीस आहे. भर वेटिंगमध्ये 'बाहेर कुठे गेला होतात?' विचारणारा तो डॉक्टर मात्र सोड. सिव्हिलमधल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात) जा, तिथे समुपदेशकही असतात.

आता मुख्य मुद्दा. सांगायचं कधी? कांदेपोह्यांच्या बैठकीत नक्कीच नाही, पण साखरपुड्याच्या आधी, आणि जवळ येण्याच्याही आधी. हॉल बुक झाल्यावर सांगितलंस तर बिचारीला नाही म्हणायची सोयच उरत नाही. मंगळ असला की घरचे सांगून मोकळे होतात, याला बायोडेटात रकाना नाही. तेव्हा तुझ्या तोंडाने, फक्त तिला. तिच्या वडिलांना नाही.

मी आधी जिला सांगितलं तिने रात्री मेसेज केला, 'मला नाही झेपणार.' खूप लागलं. पण तिने मध्यस्थांना 'पत्रिका जुळत नाही' एवढंच सांगितलं. अशा माणसावर कसला राग धरायचा?

हिला तळजाईवर सांगितलं. शेंगा सोलत होती, ते थांबलं नाही. 'दुखतं का?' मग, 'मला झालं तर?' मग, 'आणि मूल?' मधल्या प्रश्नाला मी गप्प. ती म्हणाली, 'डॉक्टरांकडे दोघं जाऊ, मला तुझ्याकडून अर्धवट नको.' गेलो. डॉक्टरीणबाईंनी काही गोड करून सांगितलं नाही. कंडोमने धोका कमी होतो, संपत नाही, कारण आजूबाजूची त्वचा उघडीच असते. व्हॅलासायक्लोव्हिरची रोजची गोळी घेतली तर तो साधारण निम्म्यावर येतो. मुंग्या किंवा फोड असताना संबंध नाही, आणि फोड नसतानाही कधीकधी लागण होऊ शकते. बाळाला खरा धोका असतो तो आईला गरोदरपणाच्या शेवटी पहिल्यांदा लागण झाली तर. म्हणून थोरलीच्या वेळी शेवटचे तीन महिने आम्ही लांबच राहिलो. सासूबाईंना वाटलं, भांडलोय.

हिला अजून तरी काही झालेलं नाही. उद्या होणारच नाही असं कुणी लिहून दिलेलं नाही, आणि ते ऐकूनच तिने होकार दिला होता.

तू लिहिलंयस की नाशिकरोडच्या मुलीशी बोलताना वेळ कसा जातो कळत नाही. मग तिलाच सांग. भाषण पाठ करू नकोस, आणि माफी मागितल्यासारखं तर मुळीच बोलू नकोस. ती विचारेल तेवढ्याची नीट उत्तरं दे आणि विचार करायला वेळ दे. फोनवर तालीम करायची असेल तर रविवारी दुपारी कर. शनिवारी नको, सासूबाई असतात.

तुझा,
सुध्या