डिपार्टमेंटचा सर्व्हर सांभाळणाऱ्या भाऊंना, मनापासून थँक्यू

भाऊ, नमस्कार. परवा थिसिस सबमिट झाला. आभाराच्या पानावर तुमच्यासाठी एकच ओळ आली आणि ती काही पुरेना, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

पहिला उन्हाळा आठवतो का? नवतपा सुरू होता, नागपूर 45 च्या वर, माझ्या रूमवर कूलर असूनही लॅपटॉपला हात लावता येत नव्हता आणि तीन दिवस चालणारा प्रोग्रॅमचा रन लाइट गेली की वायफायसकट मधेच तुटायचा. तुम्ही लिनक्स सर्व्हरवर अकाउंट काढून दिलं, एसएसएच, म्हणजे लांबून सर्व्हरवर लॉगिन करणं, शिकवलं, आणि टीमक्स, आपण बाहेर पडलो तरी सर्व्हरवर काम चालू ठेवणारं! कंट्रोल बी, मग डी, आणि लॅपटॉप खुशाल बंद कर, म्हणाले होते तुम्ही. दुसऱ्या दिवशी लॉगिन करून पाहतो तर रन तसाच सुरू. त्या रात्री कितीतरी दिवसांनी शांत झोपलो.

मग मी सर्व्हरच्या प्रोसेसरचे 32 च्या 32 कोअर धरून बसलो. दुसऱ्या लॅबचे लोक वैतागले, पण तुम्ही माझा रन बंद पाडला नाही, बाजूला बसवून सर्व्हरवर कोणाचं काय चाललंय ते दाखवणारं एचटॉप उघडलं, सगळ्या पट्ट्या शंभरवर, आणि खाली अडकून पडलेली बाकीच्यांची नावं बोटाने दाखवली. नाइस, म्हणजे कोणाच्या कामाला आधी पाळी ते ठरवणारा आकडा, उणे 20 ते 19, जितका मोठा तितकी आपली पाळी मागे, हे तेव्हा कळलं. तेव्हापासून माझा प्रत्येक मोठा रन नाइस 19 वरच लावला, कारण ती नावं डोळ्यासमोरून गेलीच नाहीत.

आणि ती रात्र. फाइली उडवायची आरएम कमांड टाइप करताना फोल्डरचं नाव आणि स्टारच्या (स्टार म्हणजे सगळं) मधे एक स्पेस पडली, एंटर मारला, सगळं साफ. लिनक्सच्या टर्मिनलवर रिसायकल बिन नसतो. अकरा वाजता तुम्हाला फोन केला, आवाज निघत नव्हता माझा. "घाबरू नको, काल रात्रीचा स्नॅपशॉट आहे," एवढंच बोलले तुम्ही, म्हणजे त्या वेळच्या सगळ्या फाइलींची जपलेली प्रत, आणि फाइली स्वतः परत न आणता माझ्याकडूनच कॉपी करून घेतल्या, एकेक कमांड फोनवर सांगत. फक्त त्या दिवसाचं काम गेलं. दोन वर्षांचं वाचलं, भाऊ.

सर्व्हर चालू असतो तेव्हा तुमची आठवण कोणालाच येत नाही, बंद पडला की सगळे फोन तुम्हालाच. हे मला फार लागतं.

माझा होम फोल्डर उतरवून घेतलाय, 180 जीबी मोकळे केलेत. अकाउंट बंद करा आणि ती जागा यंदाच्या नवीन पोट्ट्यांना द्या.