आईसाठी रोज नवीन माणूस पाठवू नका

प्रति,
कस्टमर केअर मॅनेजर, घरपोच फिजिओथेरपी विभाग

विषय: जूनच्या पॅकेजमधली न झालेली सेशन्स आणि आईच्या खांद्याला झालेली इजा

नमस्कार,

ॲपवर तीनदा तक्रार टाकली, तिन्ही वेळा 'तक्रार सोडवली आहे' असा मेसेज आला आणि सुटलं काहीच नाही, म्हणून आता सगळं नीट लिहून पाठवतेय. प्लीज पूर्ण वाचा.

माझ्या आईला (वय ६८) २ मेला स्ट्रोक आला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी, त्यामुळे उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणं बिघडलं. डॉक्टर त्याला अफेजिया म्हणतात. म्हणजे आपण बोललेलं तिला बऱ्यापैकी कळतं पण हवा तो शब्द तोंडात येत नाही, पाणी हवं असलं की 'चावी' म्हणते, आणि सगळ्यात अवघड म्हणजे तिचं हो आणि नाही उलटंपालटं होतं. बाबांबरोबर गणपतीची आरती मात्र न अडखळता म्हणते, पाठ असलेलं असं येऊ शकतं असं स्पीच थेरपिस्टनी सांगितलं. हो-नाहीचं मी तुमच्या पहिल्याच फॉर्मवर लिहून दिलं होतं.

मे महिन्यात तुम्ही जी फिजिओ पाठवलीत तिच्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, आजी आधी काय करायच्या? आईने २२ वर्षं नौपाड्यात घरून पोळी-भाजी दिलीये. दुसऱ्या दिवशी हिने पोळपाट-लाटणंच टेबलावर मांडलं, आईचा उजवा हात लाटण्यावर, त्यावर डावा, आणि कणकेचा गोळा पुढे-मागे. दोन-अडीच आठवड्यांत उजवी बोटं स्वतःहून लाटणं धरायला लागली, बाबांनी मला ऑफिसात फोन करून सांगितलं, त्यांना नीट बोलता येत नव्हतं. तिने आईला तोंडी काही विचारायचं नाही असं ठरवलेलं, डाव्या हाताचा अंगठा वर किंवा खाली, आणि नजर कायम चेहऱ्यावर. अटेंडंट मावशींनाही तिनेच शिकवलं की उठवताना लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही, बसवलं की हाताखाली उशी हवीच.

९ जूनपासून ती यायची बंद झाली. आम्हाला कोणी कळवलं नाही. कोऑर्डिनेटरला विचारलं तर 'एरिया बदललाय मॅडम', एवढंच. त्यानंतर महिनाअखेरपर्यंत फक्त ८ सेशन्स झाली आणि त्या आठांत पाच वेगवेगळी माणसं आली. एकानेही फाईल वाचलेली नव्हती, एकाने तर दारातच विचारलं, कुठली साईड गेलीये?

१८ जूनला जो मुलगा आला त्याने आईचा उजवा हात धरून सरळ डोक्याच्या वर ओढला. 'दुखतंय का आजी?' विचारलं, आई म्हणाली 'नाही नाही', त्याने अजून ओढला. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा त्याने बाबांना सांगितलं की स्ट्रोकचे पेशंट असे कारण नसताना रडतात. असं होतं हे मलाही माहितीये, पण त्या दिवशी तिला दुखत होतं, आणि ते सांगायचा तिच्याकडे एकच मार्ग होता, अंगठा, तो त्याला माहीतच नव्हता. रात्रभर ती झोपली नाही. एक्स-रेमध्ये खांद्याचा सांधा खाली सरकलेला दिसला. अशा लुळ्या हातात सांधा आधीपासून थोडा सैल असू शकतो हेही डॉक्टरांनी सांगितलं, ते मी लपवत नाही, पण असा हात ओढायचाच नसतो हे त्यांनी स्पष्ट सांगितलंय. आता ती उजव्या हाताला कोणाला हात लावू देत नाही. पोळपाट मी उचलून ठेवला.

पैशांचं सांगते. जूनच्या २६ सेशन्सचे १८,२०० रुपये आम्ही आधीच भरले. झाली १५, ९ तारखेच्या आधीची ७ आणि नंतरची ही ८. बाकीची ११ ॲपवर 'कम्प्लीटेड' दिसताहेत, ती कोणी आणि कुठे केली ते मला लेखी हवंय. बाबा कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारीच फिजिओच्या खुणा करतात, त्या पानाचा फोटो जोडलाय. न येण्याचं दर वेळी कारण एकच, घोडबंदर रोडचं ट्रॅफिक. ते ट्रॅफिक ठाण्यात कोणाला माहीत नाही? घोडबंदर रोडवरच्या कासारवडवलीहून माणूस नौपाड्यात वेळेवर पोचेल का हे पॅकेज विकायच्या आधी बघायचं ना.

स्ट्रोकनंतर पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त सुधारणा होते, पुढेही होते पण सावकाश. आईचे तीन महिने २ ऑगस्टला पूर्ण होतील. त्यातला जवळजवळ अख्खा जून असा गेला. हे दिवस तुम्ही मला कशानेच परत देऊ शकत नाही, म्हणून जे देता येईल तेच मागतेय. ११ सेशन्सचे ७,७०० रुपये परत करा. एक्स-रे आणि डॉक्टरांच्या फीचा खर्च द्या, बिलं जोडली आहेत. आणि मेमधली फिजिओ परत द्या, खरंच शक्य नसेल तर एकच कायमचा माणूस द्या, त्याने आधी दोन दिवस तिच्याबरोबर येऊन आईला समजून घ्यावं. त्या १८ तारखेच्या मुलाला काढून टाका असं मी म्हणत नाहीये, त्याला शिकवा, उद्या तो दुसऱ्या कोणाच्या आईकडे जाणार आहे.

११ जुलैपर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवेन आणि नंतर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. मी ऐरोलीला राहते, ऑफिस सांभाळून ट्रान्स हार्बर लोकलने रोज ठाण्याला येते, अजून एक चक्कर मला जड नाही.

आणि एक, हे आजपासूनच करा. कोणी येणार नसेल तर सकाळी ९ च्या आत बाबांना फोन करा. आई १० वाजता तयार होऊन खुर्चीत बसते आणि बेल वाजेपर्यंत दाराकडे बघत राहते.

तुमच्या पेशंटची मुलगी,
नौपाडा, ठाणे
४ जुलै