ओल बघायला शिकवणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

धरमपेठेतल्या त्या इमारतीत तुमचं ऑफिस वरच्या मजल्यावर, आमचं खालच्या. जिन्यात भेट झाली की मान हलवायची, एवढीच आपली ओळख. जुलैतल्या त्या दुपारी लाइट गेली, मी लॅपटॉप घेऊन गॅलरीत बसलो आणि तुम्ही मागून स्क्रीनकडे पाहत विचारलंत, "काय करून राहिला रे?" सहा वर्षं झाली त्याला. तुम्ही आता पुण्याला गेलात. तेव्हा नीट आभार मानायचे राहून गेले, ते आज सगळ्यांसमोर मानतो.

मनीषनगरच्या एका बंगल्याचं थ्रीडी चित्र कॉम्प्युटरवर करायचं काम होतं. मालकांना पावसाळी संध्याकाळ हवी होती. फाटकावरचा दिवा लागलेला, गाडी पोर्चमध्ये, अंगण ओलं. तीनदा पाठवलेलं चित्र तीनदा परत आलं होतं. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "अंगणात ग्रॅनाइट बसवणार आहात का?" ते पेव्हर ब्लॉक होते. मी रिफ्लेक्शन वाढवलं होतं, रफनेस (चमक विखुरणारा बारीक खरखरीतपणा) कमी केली होती, आणि तीही अख्ख्या अंगणाला एकसारखी. दुसऱ्या दिवशी सकाळी शेवटचं चित्र द्यायचं होतं आणि माझ्या हातात काहीच उरलं नव्हतं.

तुम्ही एकही सेटिंग विचारली नाही. पाण्याची बाटली घेतलीत आणि मला खाली पार्किंगमध्ये नेलंत. वर स्लॅब असल्यामुळे तिथली जमीन कोरडी होती. थोडं पाणी सिमेंटच्या कोब्यावर ओतलंत, थोडं जिन्याच्या ग्रॅनाइटच्या पायरीवर, थोडं फाटकाच्या रंगवलेल्या पत्र्यावर. "आता काही बोलू नको, पाहा." कोबा पाणी पडताक्षणी काळपट झाला. पायरी चकाकली, पण तिचा रंग जवळपास तसाच राहिला. पत्र्यावर नुसते थेंब ओघळले. पाच मिनिटांनी कोब्यावरची चमक गेली, काळपटपणा मात्र तसाच होता. "चमक गेली, ओल गेली का?" हा तुमचा प्रश्न मी आजही प्रत्येक फाइल उघडताना स्वतःला विचारतो.

मग तिथेच उभ्या उभ्या तुम्ही कारण सांगितलंत. सिमेंट, वीट, माती यांना बारीक छिद्रं असतात. कोरडी असताना त्यांत हवा असते, म्हणून प्रकाश कणाकणावर जोरात वळतो आणि बराचसा लवकर बाहेर येतो. छिद्रांत पाणी भरलं की कण आणि भोवतालचं माध्यम यांच्या अपवर्तनांकातला, म्हणजे प्रकाश वाकवण्याच्या क्षमतेतला, फरक कमी होतो. हवेचा साधारण १, पाण्याचा १.३३, दगडी कणांचा दीडच्या आसपास. प्रकाश कमी वळतो, जास्त आत शिरतो आणि तिथेच शोषला जातो. शिवाय वरच्या पाण्याच्या पातळ थरातून बाहेर पडू पाहणारा काही प्रकाश आतल्या आत परावर्तित होऊन पुन्हा जमिनीकडे जातो. हे दुसरं कारण स्वीडनच्या अँडर्स आँगस्ट्रॉम यांनी १९२५ मध्येच मांडलं होतं, हे मी नंतर वाचलं. कॉलेजात अपवर्तनांक शिकलो होतो. तो अंगणात सापडतो, हे त्या दिवशी कळलं.

वर आल्यावर लाइट आलेली होती. तुम्ही माझ्या शेजारी बसलात आणि अंगणाचे तीन भाग करायला लावलेत: नुसती ओल, पाण्याचा पातळ थर आणि साचलेलं डबकं. ओलीला फक्त रंग गडद, कोरड्याच्या निम्म्यापर्यंत, आणि रफनेस जराशीच कमी. पातळ थराला रफनेस आणखी खाली, पण ब्लॉकचा खडबडीतपणा अजून जाणवेल इतकी. डबक्यात मात्र बंप (पृष्ठभागाचा आभासी उंचसखलपणा) बंद, कारण पाण्याची पातळी सपाट असते, खालचा ब्लॉक कितीही खरखरीत असो. वर आयओआर, म्हणजे तोच अपवर्तनांक, १.३३ चा स्वतंत्र थर. असं चित्र तयार करायला तुम्ही व्ही-रे हे सॉफ्टवेअर वापरत होतात, मी कोरोना. "नावं बदलतात, पाणी तेच आहे," म्हणालात.

डबकी कुठे, हे मी नॉइज, म्हणजे सॉफ्टवेअरने आपोआप बनवलेला वेडावाकडा नमुना, टाकून ठरवलं होतं. डबक्यांच्या जागा ठरवणारा तो मास्क तुम्ही काढायला लावलात. "उतार कुठं आहे तुझ्या अंगणाला?" मी उतार दिलाच नव्हता. मग फाटकाकडे हलका उतार दिला आणि ब्लॉकच्या हाइट मॅपमधल्या (उंचसखलपणाच्या नकाशातल्या) खोलगट जागा आधी भरल्या: सांधे, खचलेला एखादा ब्लॉक, गाडीच्या चाकांखाली दबलेली पट्टी. पोर्चखाली कोरडं. सज्जाच्या कडेखाली पागोळ्या पडून धुतलेली रेघ. कंपाउंडच्या भिंतीच्या तळाशी काळ्या मातीचे शिंतोडे. आपल्या नागपूरच्या मातीत ते नसतील तर चित्र दुसऱ्या गावचं वाटतं, हे तुमचं म्हणणं मला तंतोतंत पटलं.

तरीही डबकी मेलेली दिसत होती. एकसारखं करडं ढगाळ एचडीआरआय, म्हणजे चित्राला उजेड देणारा आभाळाचा फोटो, लावलं होतं मी, डबक्यात करडंच उमटणार. सरळ खाली पाहिलं तर पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परावर्तित करतं, म्हणून पायाजवळच्या डबक्यात तळ दिसतो. नजर जमिनीलगत गेली की तेच पाणी आरसा होतं. तुम्ही कॅमेरा माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून खाली कंबरेपर्यंत आणलात आणि फाटकापलीकडे एक कडुनिंब उभा केलात. फाटकावरच्या दिव्याचं प्रतिबिंब ओल्या ब्लॉकवर आपल्याकडे लांबच लांब ओढल्यासारखं आलं, मधल्या डबक्यात तेवढं स्पष्ट. रात्री साडेअकरा वाजले होते. मी काही न बोलता स्क्रीनकडे बघत बसलो होतो, तुम्हाला आठवत असेल.

चित्र पास झालं. पण त्याहून मोठी गोष्ट तुम्ही आठवड्याने दिलीत, पेनड्राइव्हमधलं "ओल" नावाचं फोल्डर. सीताबर्डी, सदर, अंबाझरी रोड, अनेक पावसाळ्यांत काढलेले फोटो, आणि प्रत्येकाच्या नावात पाऊस थांबून किती मिनिटं झाली ते लिहिलेलं. डांबरी रस्ता आधीच काळा, म्हणून भिजल्यावर रंगापेक्षा चमकच जास्त बदलते. सिमेंटचा रस्ता मात्र ठिगळाठिगळांनी काळवंडतो आणि कडेकडेने सुकत येतो. हे मी रोज पाहत होतो, दिसलं तुमच्या फोटोंतून. इतक्या वर्षांची कमाई तुम्ही खालच्या मजल्यावरच्या अनोळखी पोराला विनाअट देऊन टाकलीत. धंद्यात असं कोणी करत नाही, ताई. निदान माझ्याशी तरी आधी कोणी केलं नव्हतं.

आता माझ्याकडे दोन मुली शिकायला आहेत. मागच्या आठवड्यात पहिला जोराचा पाऊस झाला, तेव्हा तिघंही फोन घेऊन लक्ष्मीनगरच्या रस्त्यावर उतरलो. उभी असलेली गाडी निघून गेल्यावर तिच्याखालचा कोरडा चौकोन किती वेळ टिकतो, ते पाहत थांबलो. त्याचे ४३ फोटो "ओल"मध्ये घातलेत, नावात मिनिटं तुमच्याच पद्धतीने लिहून. फोल्डर तुम्हालाही पाठवतोय. सवडीने पाहा.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा