सूचना : डी. फार्म.च्या मुलांना काउंटरवर उभं करा

दारव्हा, दिग्रस, नेरच्या सर्व औषध दुकानदार सदस्यांना,

डी. फार्म.ची (फार्मसी डिप्लोमाची) मुलं ५०० तासांच्या प्रॅक्टिकल ट्रेनिंगला आपल्याकडे येतील. त्यांना नुसती खोकी लावायला ठेवू नका, न आलेल्या दिवसांची सही तर मुळीच देऊ नका. चिठ्ठी वाचू द्या, डोस समजावू द्या. सध्या फवारणी सुरू आहे. उलटी, गरगरल्याची गोळी मागणाऱ्याला आधी "फवारलं का?" विचारायचं, हो म्हणाला की थेट दवाखान्यात पाठवायचं, हे त्यांना आपणच शिकवणार. २०१७ची फवारणीतली विषबाधा यवतमाळ जिल्हा विसरलेला नाही.

आंतरराष्ट्रीय फार्मसी महासंघाने २०१६ मध्ये चीनमधल्या नानजिंगला फार्मसी मनुष्यबळाची १३ उद्दिष्टं ठरवली, त्यांत सुरुवातीचं प्रशिक्षणही आहे. ते आपल्या दुकानांतच होतं.

तयारी असलेल्यांनी रविवारपर्यंत इथे गावाचं नाव टाकावं.