तुझी भूल मी देणार नाहीये, आई

नाशिक, रविवार रात्र

ती. आई आणि ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आई, काल फोनवर तू म्हणालीस, "तू असशील तरच मी त्या टेबलावर झोपते." मी "बघू" म्हटलं आणि पावसाबद्दल बोलायला लागले. ते बरोबर नव्हतं, कारण माझं आधीच ठरलं होतं. गुरुवारी अक्कलदाढांच्या ऑपरेशनला तुझी भूल मी देणार नाहीये. भूलतज्ज्ञ मॅडम देणार आहेत. त्यांच्याशी बोलून झालंय आणि त्यांनी सकाळची आठची, पहिलीच वेळ तुझ्यासाठी धरून ठेवली आहे.

पत्र बाजूला ठेवू नकोस, पुढे वाच.

घरातल्या माणसाला आपण भूल द्यायची नाही, असा आमच्याकडे संकेत आहे आणि तो अनुभवातून आलेला आहे. भूल दिल्यावर पहिल्या काही मिनिटांत रक्तदाब थोडा उतरतो. तो जवळजवळ सगळ्यांचाच उतरतो, त्यासाठी औषध सिरिंजमध्ये भरून हाताशी ठेवलेलं असतं. मॅडम पडद्यावरचा आकडा बघतील आणि औषध देतील. मला त्या जागी आकडा दिसणार नाही, तू दिसशील. मग मी घाईने जास्त देईन किंवा उगाच थांबून कमी देईन. तुझ्या वाट्याला थंड डोक्याचा माणूस यावा, एवढीच माझी इच्छा आहे. आणि मॅडमपेक्षा थंड डोकं मी पाहिलेलं नाही.

दुसरं कारण लिहू की नको, असं झालं होतं. तू माझ्याशी तब्येतीबद्दल खरं बोलत नाहीस. मला काळजी वाटू नये म्हणून, ते कळतं गं. पण दोन मजले न थांबता चढता येतात का, हा प्रश्न आम्हाला दहा तपासण्यांइतका उपयोगी असतो. मला तू "हो, धावत चढते" म्हणालीस. बाबा म्हणतात, दुसऱ्या वळणावर पिशवी टेकवतेस. मॅडमना वळणासकट सगळं सांग. रात्री उशा किती लागतात, जेवणानंतर आंबट पाणी वर येतं का, कुठला दात हलतोय, सगळं. अश्वगंधाच्या गोळ्या अजून चालू असतील तर आजपासून बंद आणि तेही त्यांना सांगायचं. भुलेच्या औषधांची गुंगी त्याने वाढू शकते.

बाबा, तुमचा प्रश्न राहिलाच. "दाढच तर काढायची, माझी खुर्चीत वीस मिनिटांत निघाली." तुमची दाढ सरळ उगवलेली होती. आईच्या खालच्या दोन्ही अक्कलदाढा हाडात आहेत, उजवी तर पूर्ण आडवी, आणि तिच्याभोवती पाण्याची पिशवी झाली आहे. ती दुखत नाही म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही. अशी पिशवी न दुखता वाढते आणि जबड्याचं हाड आतून पोखरते. ओपीजीत, म्हणजे जबड्याच्या एक्स-रेत, दाढेच्या मुळांना लागून ओठाला जाणाऱ्या नसेची वाट दिसते ना, त्यामुळे हाड जपून कोरायचं, दाढ तुकडे करून काढायची, पिशवी अख्खी सोलून काढायची. तास-दीड तासाचं काम आहे. तेवढा वेळ आईने शुद्धीत आ वासून पडायचं, घशात पाणी जाणार, तिला उमासे येणार, रक्तदाब चढणार, हे मला नको होतं. पिशवीचा तुकडा तपासणीला जाईल. तो प्रत्येकाचाच पाठवतात, त्यावरून मनात काही आणू नका.

आता, आई, तुझी भीती. आत्याच्या वेळचं तुझ्या मनातून गेलेलं नाही, ठाऊक आहे मला. पण त्या काळी भूल देणाऱ्याचं बोट नाडीवर आणि नजर ओठांच्या रंगावर, एवढंच साधन असे. कोविडमध्ये बाबांनी आणलेला बोटाचा चिमटा आठवतो ना, अजून देवाच्या कपाटाच्या खणात असेल. ताकुओ आओयागी या जपानी इंजिनिअरने त्यामागची युक्ती १९७४ साली शोधली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ऑपरेशन थिएटरांचं रूपच पालटलं. रक्तातला प्राणवायू उतरायला लागला की ओठ निळे दिसायच्या कितीतरी आधी तो चिमटा आवाज करतो. शिवाय श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड प्रत्येक श्वासाला मोजला जातो. नळी जागेवर आहे का, श्वास नीट चालू आहे का, हे त्या रेषेवर लगेच कळतं. दर पाच मिनिटांनी दंडाचा पट्टा फुगतो. आणि मॅडम पूर्ण वेळ तुझ्या डोक्याशी असतील. भूल देऊन आम्ही चहाला जातो, असं जे लोक म्हणतात ते खोटं आहे.

"उठलेच नाही तर?" असं तू तीनदा विचारलंस. भूल म्हणजे एकदाच देऊन टाकलेलं झोपेचं औषध नव्हे. शेगडी जशी चालू ठेवावी लागते, तशी ती मिनिटामिनिटाला चालू ठेवावी लागते. बटण फिरवलं, भुलेचा वायू बंद केला, की दहाएक मिनिटांत माणूस डोळे उघडतो. धडधाकट माणसाला निव्वळ भुलेमुळे जिवाचा धोका लाखात एखाद्याला. तुझं वय आणि रक्तदाब धरला तर त्याहून थोडा जास्त, हे लपवत नाही. म्हणून तर ईसीजी, रक्त आणि थायरॉइड, सगळं आधी पाहून घेतलं.

"मधेच जाग आली तर?" ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये याचा देशभर अभ्यास झाला होता. त्यात सुमारे १९,००० जणांत एकाने तसं सांगितलं, आणि त्यातलेही पुष्कळसे प्रसंग झोप लागताना किंवा उठतानाचे होते. तुझ्या श्वासात भुलेचा वायू किती आहे, हे यंत्र सतत दाखवतं. तो कमी झाला तर मॅडमना तुझ्या आधी कळेल.

प्रत्यक्षात काय होईल ते सांगते, म्हणजे त्यातलं काही अचानक वाटणार नाही. आत गार असतं, पांघरूण मागून घे. हाताला सलाईनची सुई लागेल, खरं टोचणं तेवढंच. तोंडावर मास्क येईल, त्याला प्लॅस्टिकचा वास असतो आणि त्यातून नुसता प्राणवायू येतो. तीनेक मिनिटं सावकाश श्वास घ्यायचा. मास्कने घुसमटल्यासारखं वाटलं तर "माझ्या हातात द्या" म्हण, स्वतः धरता येतो. मग सलाईनमधून दुधासारखं पांढरं औषध जाईल, मनगटापासून कोपरापर्यंत चुरचुरेल. ती चुरचुर म्हणजे औषध जातंय एवढंच. पाच-दहा सेकंद टिकते. त्याच्या पुढचं तुला आठवणार नाही. श्वासाची नळी तोंडातून न घालता नाकातून घालतील, म्हणजे तोंड सर्जनना मोकळं राहतं. घशात कापसाची पट्टी ठेवतात, रक्त खाली जाऊ नये म्हणून. ती ठेवल्याची फळ्यावर नोंद होते आणि काढल्यावर खोडली जाते. कुठल्या नाकपुडीने श्वास मोकळा येतो ते आजपासून बघून ठेव, मॅडम विचारतील.

उठल्यावर घसा खवखवेल, एक-दोन दिवस. नाकातून थोडं रक्ताळ येईल. थंडी वाजून हुडहुडी भरेल, डोळ्यांना धुरकट दिसेल, कदाचित उगाच रडू येईल. पुष्कळांना येतं. खालचा ओठ जड लागेल, कारण सर्जन जागेवरचं भुलेचं इंजेक्शनही देतात. ते पाच-सहा तासांत उतरतं. नस जवळ असल्याने ओठाला मुंग्या त्याहून जास्त दिवस राहू शकतात. बहुतेकांच्या काही आठवड्यांत, काही महिन्यांत जातात. कायमच्या राहिलेले फार थोडे. मी हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे तेव्हा तू घाबरणार नाहीस.

भीती लपवू नकोस. आत गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोल, "मला फार भीती वाटते." सुई लागल्यावर मन शांत करायचं थोडं औषध देता येतं. तुझ्या वयाला ते बेतानेच देतात, पण देतात. तोवर श्वास असा घे: चार आकडे आत, सहा आकडे बाहेर. सोडणं लांबलं की छातीतली धडधड उतरते. आजपासून रोज रात्री दिवा मालवल्यावर दहा वेळा कर, म्हणजे त्या दिवशी शिकायला नको. आणि डोळे मिटून ठिपके मोज. मला इंजेक्शन द्यायची वेळ आली की तू निळ्या साडीचा पदर माझ्या डोळ्यांपुढे धरायचीस, "चिऊ, ठिपके मोज." मी कधी चाळिसाच्या पुढे गेले नाही, त्याआधीच झालेलं असायचं. तुझं तर दहाच्या आत होईल.

बाबा, तुम्हाला इतिहासाचं वेड, म्हणून एक सांगते. ही विद्या दातांच्या दुखण्यापायीच आली. होरेस वेल्स नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने ११ डिसेंबर १८४४ ला हसवणारा वायू हुंगून स्वतःचीच दाढ उपटून घेतली होती. दोन वर्षांनी बोस्टनमध्ये ईथरचा जाहीर प्रयोग केला तो मॉर्टन, तोही दातांचाच डॉक्टर. बुधवारी रात्री आईला झोप लागली नाही तर तिला हेच सांगत बसा. बातम्या लावू नका.

आता तुमची कामं, आणि यात हयगय नको. बुधवारी रात्री दहाच्या आत साधं जेवण, तळलेलं काही नाही. त्यानंतर घास नाही आणि दूध नाही. दुधाचा चहासुद्धा पोटात जेवणासारखाच रेंगाळतो, आणि झोपेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर फार वाईट. पण आईचं चहाशिवाय डोकं धरतं, म्हणून गुरुवारी पहाटे पाचला थायरॉइडची गोळी दोन घोट पाण्याबरोबर आणि साडेपाचला कोरा चहा, साखर घालून. तो चालतो. सहाला शेवटचं पाणी. रक्तदाबाची गोळी, टेल्मिसार्टन, बुधवारी सकाळची घ्यायची, गुरुवारची नाही. ती पोटात असली की भुलेत उतरलेला रक्तदाब लवकर वर येत नाही.

पुण्यातल्या पावसात भिडे पुलाच्या भरवशावर राहू नका. खडकवासल्यातून पाणी सोडलं की तो बुडतो. सहाला निघून लकडी पुलावरून रिक्षाने जायचं. घरी येताना रिक्षा नको, गाडी मी सांगितली आहे. फाइल, ओपीजी, गोळ्यांची यादी एका पिशवीत. बोटांना मेंदी, नखांना रंग नको, चिमट्याला नीट कळत नाही. वेणी सैल, पिना नकोत. मंगळसूत्र, बांगड्या, चमकी काढावी लागेल. आई, तुला ते किती जड जाईल ते मला माहीत आहे. मंगळसूत्र बाबांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात राहील आणि तू बाहेर आल्यावर ते स्वतः तुझ्या गळ्यात घालतील. चष्मा माझ्याकडे. तुला जाग आल्याबरोबर मी तो डोळ्यांवर ठेवीन. आपली माणसं स्पष्ट दिसली की उठल्यावरचा गोंधळ कमी होतो.

एक रात्र तिथेच राहायचं आहे. चादर घरची आणते, तुझी ती चौकड्याची. खोलीत कमोड आहे, मी बघून घेतलंय. शुक्रवारी घरी.

घरी आल्यावर दोन उशा घेऊन झोपायचं. पहिल्या दिवशी गालाला बर्फ वीस मिनिटं ठेवायचा, वीस मिनिटं काढायचा. पहिले चोवीस तास चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही. खड्ड्यात जमलेली गुठळी हीच खरी मलमपट्टी, ती निसटली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणकतं आणि तोंडाला वास येतो. तसं झालं तर लवंग, हळद काही आत भरू नका, सर्जनकडे न्या, ते औषधाची पट्टी ठेवतात, दुखणं उतरतं. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळू खळखळ. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, ती बघून मला मध्यरात्री फोन करायची गरज नाही. पण करावासा वाटला तर करा. रुमाल अर्धा तास दाबून धरूनही लाल रक्त थांबलं नाही, गिळता येईना, तोंड उघडून श्वास घ्यावा लागायला लागला, किंवा चौथ्या दिवसानंतर सूज वाढली, तर मात्र फोनमध्ये वेळ न घालवता थेट हॉस्पिटल.

दुखायची गोळी ठणका लागायच्या आधी, लिहून दिलेल्या वेळेला. बाबा, तुमच्या गुडघ्याच्या गोळ्या आईला देऊ नका. टेल्मिसार्टनबरोबर त्या मूत्रपिंडाला त्रास देतात आणि रक्तदाबही वाढवतात.

जेवायला गार ताक, नाचणीची गार पेज, दुसऱ्या दिवसापासून कोमट गुरगुट्या भात, मेतकूट, भरपूर तूप. भाकरी, चिवडा आणि तुमची बाकरवडी सहा आठवडे घरात आणायचीच नाही. पिशवीच्या जागी हाड भरून यायला वेळ लागतो, तोवर जबड्यावर जोर नको. सकाळी आईने उठायच्या आत तुम्ही भात लावा. कुकरच्या तीन शिट्ट्या, पाणी चौपट. तुम्हाला येतं, मला माहीत आहे.

बुधवारी रात्री नऊपर्यंत मी पोचते. गुरुवारी मी तुमच्या शेजारी बाकावर बसेन, बाबा, हिरवा गाऊन घालून आत नाही. आई, ती निळी साडी नेसून ये. आत गाऊन देतील, साडी माझ्या मांडीवर राहील.

तुमची,
चिऊ

ता. क. चमकीची फिरकी घट्ट बसली असेल तर उद्याच लक्ष्मी रोडला सोनाराकडून सैल करून आणा. गुरुवारी पहाटे साबण लावून ओढाओढ नको.