भंगारात निघालेल्या सागवानी चौकटींतून फाटकाजवळ बाक करण्याबाबत

दि. १२ एप्रिल

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
नेरूळ, नवी मुंबई

विषय : पंपरूममागे पडलेल्या चार जुन्या चौकटी बाकासाठी मिळाव्यात

महोदय,
स. न. वि. वि.

येत्या रविवारी भंगारवाला येणार असल्याची सूचना फलकावर वाचली, म्हणून हे पत्र घाईने देत आहे. अ विंगमधल्या चार घरांनी दारं बदलली, त्यांच्या जुन्या चौकटी पंपरूममागे उभ्या करून ठेवल्या आहेत. त्या द्यायच्या यादीत आहेत. कृपया त्या देऊ नका.

मी परवा एका चौकटीचा कोपरा रंध्याने थोडा साफ करून पाहिला. वरचे ऑइलपेंटचे थर निघाले आणि आत सोनेरी तपकिरी, हाताला तेलकट लागणारं लाकूड दिसलं. ताज्या सालप्याला चामड्यासारखा वास येतो. हा साग आहे, आणि इतकी वर्षं वाळलेला आहे. वखारीत आज असं वाळलेलं लाकूड मागितलं तर आधी किंमत ऐकूनच माणूस परत फिरतो. सागात मुळातच तेल असतं, त्यामुळे वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही आणि पाणीही लवकर मुरत नाही. बाहेर उघड्यावर ठेवायच्या वस्तूला याहून चांगलं लाकूड आपल्याला फुकट मिळणार नाही.

बाक कशासाठी, हे आपण सगळे रोज पाहतो. आपली इमारत सिडकोची, चार मजली, लिफ्ट नाही. चौथ्या मजल्यावरच्या आजी दवाखान्यातून आल्या की जिना चढण्याआधी दहा मिनिटं टाकीच्या कट्ट्यावर टेकतात. तो कट्टा जेमतेम फूटभर उंच. तिथून उठताना त्यांना दर वेळी कुणाचा तरी हात लागतो. फेब्रुवारीत त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची ठेवली, तिचे पाय फाकले आणि त्यावर बसलेले दुसऱ्या मजल्यावरचे काका खाली आले. हाड मोडलं नाही, एवढंच. त्याआधी संस्थेने विकत आणलेल्या बाकाची फळी पहिल्याच पावसात फुगली होती. त्यामुळे पुन्हा तयार बाक आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

माझे वडील चिपळूणला सुतारकाम करत. पाट, चौरंग, देव्हारे करताना मी त्यांच्या हाताखाली वाढले. तरी घरासाठी मी केलेला पहिला बाक आठ महिन्यांत डुलायला लागला. लाकूड भक्कम होतं, पण पाय नुसते खिळ्यांवर धरले होते. तेव्हा मला पटलं की बाक वजनाने क्वचित मोडतो, तो हलण्याने मोडतो. तीन माणसं सरळ बसली तर लाकडाला काही होत नाही. पण माणूस बसताना टेकतो, सरकतो, मागे रेलतो, आणि तो आडवा धक्का नेमका सांध्यावर येतो. खिळा त्या धक्क्याने हळूहळू आपलं भोक मोठं करत जातो. म्हणून दुसऱ्या बाकात मी आडव्या दांडीच्या टोकाला जिभेसारखी कूस काढली, पायात तेवढंच चौकोनी भोक पटाशीने कोरलं, फेव्हिकॉल लावून ती घट्ट बसवली आणि आरपार लाकडी खुंटी मारली. पायांमध्ये जमिनीपासून चार इंचांवर आणखी एक आडवी दांडी दिली. चार वर्षं झाली, तो बाक अजून कुरकुरत नाही. आपण कधीही घरी येऊन त्यावर बसून पाहावं.

इथे मी तोच सांधा वापरणार आहे. लांबी ५ फूट, म्हणजे तिघं ऐसपैस बसतील. बैठक १६ इंच रुंद आणि जमिनीपासून १८ इंच उंच. बाजारातले काही बाक याहून बुटके असतात, पण गुडघे दुखणाऱ्याला उंच बैठकीवरून उठणं सोपं जातं. दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे हवेतच. आजींना उठताना त्यांचाच आधार लागणार आहे, त्यामुळे जागा वाचवायला ते काढून टाका असं कृपया कुणी सुचवू नये. पाठ थोडी मागे कललेली ठेवेन.

चौकटीचं लाकूड चार बाय अडीच इंचाचं आहे. बैठकीखालच्या लांब दांड्या मी त्या आडव्या न ठेवता उभ्या बसवणार, म्हणजे चार इंचांची बाजू वर-खाली येईल. तेवढ्या फरकाने तेच लाकूड दीडपटीहून जास्त भार पेलतं. बैठकीच्या पट्ट्यांमध्ये करंगळीपेक्षा कमी फट सोडेन. पावसाचं पाणी तिथून खाली जातं, आणि दमट हवेत लाकूड आडवं फुगतं त्यालाही जागा मिळते. स्क्रू आणि बोल्ट सगळे स्टेनलेस स्टीलचे घेणार. आपण खाडीच्या काठावर राहतो, साधं लोखंड इथे गंजतं आणि त्याचे काळे डाग सागावर कायमचे उतरतात.

सगळ्यात जास्त काळजी पायांच्या तळाची घ्यावी लागेल. लाकडाचं कापलेलं टोक पाणी ओढून घेतं, आणि बाहेरचे बाक बहुधा तिथूनच कुजतात. चारही तळांना अराल्डाइट चोपडून टोकं बंद करेन, आणि पाय मातीवर न टेकता ग्रॅनाइटच्या तुकड्यांवर राहतील. तसे तुकडे आपल्याच दुरुस्तीतले उरले आहेत. वरून जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, तेलाचा एक हात द्यावा लागेल. ते काम मी अंगावर घेते. तेल पुसलेल्या चिंध्या गोळा करून ठेवल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून त्या मी पाण्यात भिजवून टाकेन. हे मुद्दाम लिहिते, कारण वॉचमनना ते माहीत असलेलं बरं.

लाकूड पुरेल का याचाही हिशेब केला. चार चौकटींचं मिळून साधारण ६८ फूट होतं. खालची टोकं लादी धुण्याच्या पाण्याने काळी पडली आहेत, ती कापून ६० फूट उरेल. मला ५६ लागेल. म्हणजे चारही चौकटी हव्यात, तीन पुरणार नाहीत. बैठकीच्या पट्ट्या वखारीतून चिरून आणाव्या लागतील, पण खिळा असलेलं लाकूड तिथे मशीनवर घेत नाहीत, त्याने करवतीचे दात जातात. त्यामुळे आधी सगळे खिळे, बिजागऱ्यांचे स्क्रू आणि भिंतीत रोवलेल्या पकडी काढाव्या लागतील. आपले काही तरुण मदतीला तयार आहेत. तयार बाक ६० किलोच्या आसपास भरेल, त्यामुळे तो कुणी ओढत इकडे-तिकडे नेईल ही भीती नाही.

जागा मी फाटकाच्या आत, कडुनिंबाखाली, कंपाउंडच्या भिंतीला लागून सुचवते. तिथे दुपारीही सावली असते आणि रिक्षा थेट समोर थांबते. जिन्याखाली ठेवायला काहींनी सांगितलं, पण ती बाहेर पडायची वाट आहे, आग लागली तर तिथे काहीही आडवं असता कामा नये. भिंतीजवळच्या जागेची मापं घेतली आहेत, दुचाकी लावणाऱ्या कुणाचीही जागा जात नाही.

स्क्रू, बोल्ट, तेल आणि चिराईचा खर्च अंदाजे अडीच हजार येईल. तो मी करते, संस्थेकडून पैसे नकोत. काम गच्चीवर, फक्त शनिवार-रविवारी सकाळी दहा ते एक. दुपारी झोपेच्या वेळेला ठोकाठोक होणार नाही. चार आठवड्यांत, म्हणजे पाऊस यायच्या आत बाक जागेवर असेल. ठेवण्याआधी त्यावर सहा जणांना बसवून पुढे-मागे, उजवीकडे-डावीकडे हलवून पाहायचं आहे. त्या वेळी कार्यकारिणीतल्या दोघांनी तरी हजर राहावं. सांधा जरा जरी हलला तर बाक मी परत नेईन.

चारही घरमालकांनी चौकटी द्यायला लेखी संमती दिली आहे. आता फक्त आपला होकार हवा, तो शनिवार संध्याकाळपर्यंत मिळावा ही विनंती. भंगारवाला सकाळी आठलाच येतो. तोवर चौकटींवर मी खडूने ‘देऊ नये’ असं लिहून ठेवलं आहे आणि वॉचमनना तसं सांगितलं आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
सदनिकाधारक, ब विंग, तिसरा मजला

सोबत : मापांसह बाकाचे हाताने काढलेले चित्र, चार संमतीपत्रे