चिन्मयीच्या पंपाविषयी

म्हार्दोळ, गोवा
१० ऑगस्ट २०२५

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

चिन्मयीला बाहेर नळी नसलेला इन्सुलिन पंप घ्यावा का, असं तू विचारलंस. परवडत असेल तर जरूर घ्या, पण आधी तिला विचारा. तो चोवीस तास तिच्या अंगावर असणार आहे, तुझ्या नाही.

मी दंडावर लावतो त्या पॉडमध्ये, म्हणजे त्वचेला चिकटणाऱ्या छोट्या पंपात, २०० युनिट, म्हणजे अवघं २ मिली इन्सुलिन मावतं. ७२ तासांनी नवा लावायचा, म्हणजे महिन्याला साधारण दहा. खर्च एकदाचा नव्हे, हे घरात आधीच बोलून घ्या. बोलस, म्हणजे जेवणाच्या वेळचा डोस, वायरलेस कंट्रोलरवरून द्यायचा. तो घरी राहिला तरी ठरवून दिलेलं बेसल, म्हणजे दिवसरात्र थोडं थोडं जाणारं इन्सुलिन, पॉड देतच राहतो.

मला पंपाचं खरं सुख मिळालं ते रात्री. पहाटे माझी शुगर चढते, आणि इन्सुलिनच्या पेनाने एकदा घेतलेलं दिवसभराचं इन्सुलिन मग तासागणिक बदलता येत नाही. पंपात येतं. शुगर सतत मोजणाऱ्या सेन्सरशी जोडलेला असला, तर शुगर उतरू लागताच तो स्वतःच हात आखडता घेतो. जत्रेतलं नाटक उजाडेपर्यंत चाललं तरी आता मी विंगेत निर्धास्त उभा असतो.

चवथीला तुम्ही येणारच आहात. नेवऱ्या, पातोळ्या, खीर, काही म्हणता काही तिला वर्ज्य करू नका. मात्र नेवरीत कार्ब्ज, म्हणजे कर्बोदकं, किती, हे पंपाला कळत नाही. ते आपणच मोजून सांगायचं, तेही खाण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी. आणि फुगडी! जेवणाचा बोलस तीन-चार तास अंगात काम करत असतो, त्यात फुगडीने शुगर आणखी उतरते. ऐन वेळी बेसल थांबवून भागत नाही, तास-दीड तास आधीच कमी करावं लागतं. किती, ते तिच्या डॉक्टरांकडून लिहून आण. तरीही ७० च्या खाली गेलीच, तर १५ ग्रॅम ग्लुकोज आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. ग्लुकोजची पुडी माझ्या पुतणीकडे देऊन ठेवेन; ती चिन्मयीच्या बरोबरच फुगडी घालणार.

धास्ती मला एकाच गोष्टीची वाटते. पंपात फक्त जलद, थोडाच वेळ टिकणारं इन्सुलिन असतं. पॉडमधून त्वचेखाली जाणारी बारीक नळी दुमडली, की काही तासांतच कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर रक्तात साठणारी आम्लं, वाढू लागतात. शुगर २५० च्या वर अडून बसली, पोट दुखू लागलं, उलटी झाली, तर वाट पाहू नका. कीटोन तपासा, पेनाने इन्सुलिन द्या, पॉड बदला, डॉक्टरांना फोन करा. पंप आला म्हणून पेन घराबाहेर काढायचं नाही, सुहास, हे वहिनींनाही नीट सांग.

आमच्या दमट हवेत पट्टी सुटते, तेव्हा त्वचा कोरडी करूनच लावावा. दर वेळी जागाही बदलावी, नाहीतर गाठी होतात.

तिला शाळेत दिसेल असं काही अंगावर नको असेल, तर पोटावर किंवा मांडीवर कपड्याआड लावता येतो. तरीही नको म्हणाली तर आग्रह करू नकोस. पेनावरही शुगर चांगली राखता येते. माझ्याकडे सुई नसलेला नमुन्याचा पॉड आहे. चवथीभर तो लावून तिला हिंडू दे, झोपू दे, मग तीच ठरवेल.

येताना इन्सुलिन गाडीत उन्हात ठेवू नका, थंड पिशवीतून आणा.

तुझा,
विनायक